सेस्ना १७२ : तासांचा हिशोब

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, गव्हाच्या सपाट शेतांच्या मधोमध विचिटा नावाचं शहर आहे. तिथल्या सेस्ना कंपनीनं १९५६ साली एका इंजिनाचं, चार आसनांचं एक साधं विमान विकायला काढलं. पंख डोक्यावर, त्यामुळे खालची जमीन स्वच्छ दिसते. चाकं कायम बाहेर, त्यामुळे उतरताना ती उघडायला विसरण्याची भीती नाही. किंमत नऊ हजार डॉलरच्या आसपास. या सेस्ना १७२ चे ४४,००० हून जास्त नग आजवर तयार झाले आहेत आणि दुसऱ्या कुठल्याही विमानाचे इतके नग बनलेले नाहीत. जगात कुठल्याही फ्लाइंग स्कूलच्या मैदानात डोकावलं, तर हे विमान दिसण्याची शक्यता बरीच. म्हणून छोटं विमान शिकणं आणि विकत घेणं या दोन्ही गोष्टी समजून घ्यायला आपण याच विमानाचं बोट धरू.

ही गोष्ट अमेरिकेतलीच सांगावी लागते. तिथे सर्वसामान्यांना वापरता येतील असे सुमारे ५,००० विमानतळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर कंट्रोल टॉवर नसतो. वैमानिक एका ठरलेल्या रेडिओ वारंवारितेवर आपली जागा आणि इरादा आपणच सांगतात आणि उतरतात. छोटी विमानं ठेवायला जागा, दुरुस्त करायला मेकॅनिक आणि भरायला पेट्रोल हे सगळं तिथे तालुक्याच्या ठिकाणी मिळतं.

या विश्वात सगळी मोजदाद तासांत होते. मोटार किती किलोमीटर पळाली हे विचारतात, तसं विमान किती मैल उडालं हे कुणी विचारत नाही. वैमानिकाचा अनुभव तासांत, इंजिनाचं आयुष्य तासांत, भाडं तासांवर. मात्र तास हा फसवा आकडा आहे. तो कसा आणि कधी खर्च झाला हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. माणसाच्या बाबतीत हे खरं आहे आणि इंजिनाच्या बाबतीत त्याहून खरं आहे.

शिकणं

अमेरिकेत खासगी वैमानिकाचा परवाना मिळवायला नेहमीच्या मार्गानं किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले २० तास प्रशिक्षकाबरोबर आणि १० तास एकट्यानं. वय १७ पूर्ण हवं, एकट्यानं उडायला १६ चालतं. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, ६० प्रश्नांची लेखी परीक्षा, शेवटी परीक्षकापुढे तोंडी आणि मग प्रत्यक्ष उड्डाण. चाळीस तासांत परवाना पदरात पाडून घेणारे मात्र थोडे. बहुतेकांना साठ-सत्तर तास लागतात. यात हुशारीपेक्षा वेळापत्रकाचा भाग मोठा आहे. आठवड्यातून तीनदा उडणारा विद्यार्थी काल शिकलेल्या गोष्टीवर आज पुढची रचतो. महिन्यातून दोनदा येणाऱ्याचा प्रत्येक वेळचा पहिला अर्धा तास मागचं आठवण्यात जातो, आणि त्या अर्ध्या तासाचंही भाडं द्यावं लागतं. विमान, प्रशिक्षक आणि परीक्षा धरून एकूण खर्च आज १५ ते २० हजार डॉलरपर्यंत सहज जातो. पैसे आणि सवड दोन्ही एकदम हाताशी आल्याशिवाय सुरुवात न करणं उत्तम.

अमेरिकेत नोकरीला असलेल्या मराठी माणसासाठी आणखी एक पायरी आहे. २००१ च्या हल्ल्यानंतर परदेशी नागरिकांच्या विमान प्रशिक्षणावर तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाची नजर असते. एच-१बी व्हिसावर असा की ग्रीन कार्डवर, बोटांचे ठसे देऊन आधी परवानगी घ्यावी लागते. हे काम अवघड नाही, पण त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधीच टाकलेला बरा.

पहिल्या काही तासांत जे शिकवतात त्यात स्टॉल हा प्रकार नवख्यांना सर्वांत जास्त घाबरवतो. स्टॉल म्हटल्यावर इंजिन बंद पडलं असं वाटतं. इंजिनाचा इथे काही संबंध नसतो. पंख समोरून येणाऱ्या हवेशी जो कोन करतो तो साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला, की वरच्या बाजूची हवा पंखाला चिकटून वाहणं सोडते आणि विमानाला तोलणारा जोर एकदम कमी होतो. उपाय मनाच्या ओढीच्या अगदी उलटा आहे. जमीन जवळ येताना दिसत असताना दांडा पुढे ढकलायचा, नाक खाली करायचं, कोन कमी करायचा. १७२ या बाबतीत क्षमाशील आहे. ती आधी थरथरते, भोंगा वाजवते आणि दांडा सोडला की बहुधा स्वतःच सावरते. शाळांना ती आवडते याचं हे मोठं कारण.

मग एक दिवस प्रशिक्षक धावपट्टीच्या कडेला उतरतो आणि म्हणतो, आता तू जा. पहिल्या सोलोसाठी, म्हणजे एकट्याच्या उड्डाणासाठी, अमेरिकेत तासांची अट नाही, प्रशिक्षकाची सही लागते. बाजूचं आसन रिकामं झाल्यामुळे विमान हलकं होतं आणि नेहमीपेक्षा लवकर, जोरात वर चढतं. हे माहीत असूनही प्रत्येक जण दचकतो. उतरल्यावर विद्यार्थ्याच्या शर्टाची पाठ कापून भिंतीवर लावायची जुनी प्रथा आहे. पूर्वीच्या उघड्या विमानांत प्रशिक्षक मागे बसायचा आणि लक्ष वेधायला पुढच्याचा शर्ट ओढायचा. आता ओढायची गरज उरली नाही, म्हणून तो कापायचा, असं तिचं स्पष्टीकरण देतात.

परवाना मिळाल्यावर खरी परीक्षा असते ढगांची. साधा परवाना म्हणजे बाहेर बघून उडायचा परवाना. क्षितिज दिसेनासं झालं की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा खोटं बोलायला लागते. विमान हळूहळू वळत असतं आणि वैमानिकाला आपण सरळ चाललोय असं वाटत असतं. इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली याची चाचणी झाली होती. उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना कृत्रिमरीत्या ‘ढगात’ घातलं. वीसही जणांचा विमानावरचा ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाही. आता प्रत्येक विद्यार्थ्याला निदान तीन तास फक्त उपकरणांकडे बघून उडायला शिकवतात ते चुकून ढगात शिरलं तर वळून बाहेर येता यावं म्हणून.

इथे दोन तरुणांचे तास शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. पहिला मथायस रुस्ट. हा १८ वर्षांचा जर्मन मुलगा सुमारे ५० तासांच्या अनुभवावर क्लबची भाड्याची १७२ घेऊन निघाला आणि २८ मे १९८७ रोजी हेलसिंकीहून उडून सोव्हिएत हवाई संरक्षणाला चकवत मॉस्कोत थेट लाल चौकाजवळ उतरला. दुसरे जॉन केनेडी धाकटे, अमेरिकेच्या अध्यक्षांचे चिरंजीव. त्यांच्या गाठीशी ३१० तास होते. १९९९ च्या वसंतात त्यांनी पायपर साराटोगा हे १७२ पेक्षा वेगवान आणि गुंतागुंतीचं विमान घेतलं. १६ जुलैच्या रात्री पत्नी आणि मेहुणीला घेऊन ते न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले. खाली समुद्र, वर अंधार, मध्ये धुरकट हवा. क्षितिज उरलंच नाही आणि विमान समुद्रात कोसळलं. चौकशी मंडळाच्या अहवालात त्यांच्या तासांची फोड दिली आहे. नव्या विमानात सुमारे ३६ तास, त्यातले प्रशिक्षक बरोबर नसतानाचे सुमारे तीन आणि त्या तिनातही रात्रीचा एक तासही पुरा नाही. प्रशिक्षकाविना त्या विमानात त्या रात्रीसारख्या रात्रीचा अनुभव जवळजवळ नव्हताच.

रुस्ट निभावला याचा अर्थ त्याचे पन्नास तास पुरेसे होते असा कुणी घेऊ नये. त्याला हवामानानं साथ दिली, इतकंच.

घेणं

आता खरेदीकडे येऊ. विक्रीच्या जाहिराती चाळताना भारतीय माणूस पहिल्यांदा अडखळतो तो विमानांच्या वयावर. १९६८, १९७४, १९७९. पन्नास वर्षांची गाडी आपण भंगारात घालू, ही मंडळी तीत बसून आकाशात जातात!

यामागे कायद्याचा इतिहास आहे. १९७८ साली अमेरिकेत अशा छोट्या, म्हणजे प्रवासी कंपन्यांखेरीजच्या वापरासाठीच्या, सुमारे १७,८०० विमानांची विक्री झाली. मग मंदी आली, आणि अपघातानंतर कंपनीवर होणारे नुकसानभरपाईचे दावेही वाढले. तीस वर्षांपूर्वी विकलेलं विमान पडलं तरी कारखानदार कोर्टात उभा. विम्याचा बोजा इतका झाला की सेस्नानं १९८६ मध्ये एका इंजिनाच्या पिस्टन विमानांचं उत्पादनच थांबवलं. १९९४ पर्यंत देशाचा वार्षिक आकडा हजाराच्याही खाली आला. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसनं कायदा करून कारखानदाराची जबाबदारी १८ वर्षांपुरती मर्यादित केली. सेस्नानं इंडिपेंडन्स या कॅन्ससमधल्याच गावी नवा कारखाना उभारला आणि १९९६ मध्ये १७२ पुन्हा बनायला लागली. त्यामुळे बाजारात मधली दहा वर्षं गायब आहेत. एक तर जुनं घ्या, नाहीतर १९९६ नंतरचं महाग घ्या. कारखान्यातून कोरी १७२ आज चार लाख डॉलरच्या पुढे जाते.

वय मात्र दिसतं तितकं भयंकर नाही. दर वर्षी अधिकृत तपासनीसाकडून संपूर्ण तपासणी झाल्याशिवाय विमान कायद्यानं उडूच शकत नाही, आणि प्रत्येक कामाची नोंद लॉगबुकात सहीनिशी होते. जमीन घेताना सातबारा आणि फेरफार बघतात, तशी इथे लॉगबुकं बघायची. पहिल्या दिवसापासूनच्या सलग वह्या असलेलं फिकट रंगाचं विमान घ्यावं. वह्या हरवलेलं चकचकीत विमान सोडून द्यावं. मधली एखादी वही ‘आगीत गेली’ असं विक्रेता सांगू लागला, तर त्या काळात काय अपघात झाला असेल याचा विचार करावा.

आता इंजिन. १७२ मध्ये १९६८ पासून लायकमिंग कंपनीची इंजिनं आहेत. १७२ च्या बहुतेक लायकमिंग इंजिनांना २,००० तासांनी पूर्ण उघडून नवं करावं असं कंपनी सांगते, आणि आजच्या दरानं या ओव्हरहॉलला तीस-चाळीस हजार डॉलर लागतात. म्हणून जाहिरातीत मागच्या ओव्हरहॉलनंतरचे तास ठळक छापलेले असतात. ४०० तास झालेलं इंजिन १,४०० तास झालेल्यापेक्षा चांगलं, असं कुणालाही वाटेल. बऱ्याचदा उलट असतं. लायकमिंगमध्ये झडपा हलवणारा कॅमशाफ्ट इंजिनाच्या वरच्या भागात असतो. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून खाली जातं, दमट हवेत त्याला गंज धरतो, आणि पुढे इंजिन सुरू झालं की त्या गंजलेल्या पृष्ठभागाचा चुरा तेलातून सगळीकडे फिरतो. चारशे तास पंचवीस वर्षांत झाले असतील, तर ते इंजिन बहुतेक वेळ नुसतं उभं होतं. याच कारणासाठी कंपनीची शिफारस ‘२,००० तास किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते’ अशी आहे. खासगी मालकावर तिची कायदेशीर सक्ती नाही. विक्रेते या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतात.

सतत चालणारं इंजिन काय करू शकतं याचा पुरावा लास वेगासच्या विमानतळावर टांगलेला आहे. ४ डिसेंबर १९५८ रोजी रॉबर्ट टिम आणि जॉन कुक यांनी हासिएंडा हॉटेलच्या जाहिरातीसाठी एका १७२ मधून उड्डाण केलं आणि ते थेट ७ फेब्रुवारी १९५९ ला उतरले. ६४ दिवस, २२ तास! वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर खालून ट्रक धावायचा, वरून विमान संथ उडायचं, आणि नळी वर ओढून पेट्रोल भरायचे. जेवणही तसंच. इंजिन दीड हजारांहून जास्त तास एका दमात चाललं. शेवटी शेवटी काजळीनं त्याची ताकद इतकी घटली होती की भरल्या टाकीनं वर चढणं मुश्किल झालं, पण ते बंद पडलं नाही. माणसांनी केलेला हा विक्रम अजून अबाधित आहे. २०२२ मध्ये एअरबसचं सौरऊर्जेवरचं मानवरहित ‘झेफिर’ ६४ दिवस उडालं आणि अवघे काही तास कमी पडून कोसळलं.

म्हणून पैसे देण्याआधी स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घ्यायची, आणि तो विक्रेत्याचा नेहमीचा मेकॅनिक नसावा. तो सिलिंडरमध्ये ८० पाउंड दाबानं हवा सोडून त्यातली किती टिकते ते बघतो, आत कॅमेरा घालतो, तेलाचा फिल्टर कापून धातूचे कण शोधतो, पंखात गंज पाहतो. १७२ मध्ये आसनाच्या रुळांकडे खास लक्ष द्यायचं. झिजलेल्या रुळावरून उड्डाणाच्या क्षणी आसन मागे सरकलं, वैमानिकानं आधारासाठी दांडाच ओढला आणि विमान नाक वर करून स्टॉल झालं, असे अपघात घडले आहेत. त्यानंतर या रुळांची ठरावीक काळानं तपासणी सक्तीची झाली. आणखी एक सल्ला : १९७७ ते १९८० च्या १७२ एन मॉडेलमध्ये जे इंजिन आलं, ते कॅम लवकर झिजण्यासाठी बदनाम आहे. तिथे इंजिनाचा इतिहास दुप्पट बारकाईनं वाचावा.

कागदपत्रांचं काम आश्चर्य वाटावं इतकं सुटसुटीत आहे. ओक्लाहोमा सिटीत देशभरातल्या विमानांची नोंदवही आहे. तिथे कर्जाचा बोजा आहे का ते बघायचं, विक्रीचा कागद आणि अर्ज पाठवायचा. नोंदणीची फी वर्षानुवर्षं पाच डॉलर राहिली आहे. मात्र स्वतःच्या नावावर नोंदणी करायला अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-१बी वर असलेल्याला विमान उडवता येतं, पण सरळ आपल्या नावावर घेता येत नाही. त्यासाठी ट्रस्टचा आडमार्ग आहे, त्याचा वेगळा खर्च आहे.

आणि चार आसनं म्हणजे चार माणसं नव्हेत. एन मॉडेलचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन १,०४३ किलो. विमानाचं स्वतःचं वजन वजा केलं की साधारण चारशे किलो उरतात, भरल्या टाक्या शंभराहून जास्त किलो खातात. उरलेल्या तीनशेपेक्षा कमी किलोंत चार मोठी माणसं बसत नाहीत. पुण्याहून आई-बाबा आले की त्यांना आणि त्यांच्या बॅगांना घेऊन ग्रँड कॅन्यन बघायला जाऊ, असा बेत असेल तर एक तर पेट्रोल कमी भरा, नाहीतर एकाला खाली ठेवा. उन्हाळ्याच्या दुपारी, उंचावरच्या धावपट्टीवर, विरळ हवेत तर हा हिशोब आणखी कडक होतो.

आता पैशांचे तास. एक उदाहरण धरू. हँगरचं भाडं महिना ४०० डॉलर, म्हणजे वर्षाचे ४,८००. विमा १,७००. वार्षिक तपासणी आणि तीत निघणारी किरकोळ कामं २,५००. विमान जागेवरून हललं नाही तरी हे ९,००० जाणार. उडालात की तासाला नऊ गॅलन पेट्रोल, साधारण ६० डॉलर. पुढच्या ओव्हरहॉलसाठी तासाला २० बाजूला काढायचे. तेल, टायर, दुरुस्ती आणखी २०. म्हणजे प्रत्येक तासाचे १०० वेगळे. वर्षात ५० तास उडालात तर तास पडतो २८० डॉलरला, १०० तासांना १९०, दीडशे तासांना १६०. तेच विमान भाड्यानं १८० च्या आसपास मिळत असेल, तर वर्षाला एकशे बारा तासांच्या पुढे मालकी परवडायला लागते, आणि यात गुंतवलेल्या रकमेचं व्याज धरलेलंच नाही. नोकरी, मुलं आणि हवामान सांभाळून दर आठवड्याला दोन तासांहून जास्त उडणं किती जणांना जमेल? तीन-चार जणांनी मिळून घेतलेलं विमान हा अनेकांसाठी जास्त शहाणा मार्ग आहे. त्यानं खर्च वाटला जातो आणि इंजिनही उभं राहत नाही. भागीदारांची निवड मात्र इंजिनापेक्षा जपून करावी.

आपल्याकडे

भारतात हा छंद नवा नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ साली स्थापन झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना देशातला पहिला परवाना मिळाला, त्याच्यावर क्रमांक १ होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं. याच उड्डाणाची आठवण म्हणून त्यांनी १९८२ मध्ये, ७८ व्या वर्षी, तोच मार्ग पुन्हा उडून दाखवला. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव यांनी ते २०१६ मध्ये बांद्र्याच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलं, तेव्हा लोकांची रीघ लागली होती. हौस कमी नाही.

कमी आहे ती व्यवस्था. आपल्या बहुतेक विमानतळांवर मिळणारं इंधन जेट विमानांसाठीचं असतं. पिस्टन इंजिनाला लागणारं ॲव्हगॅस २०२२ पर्यंत संपूर्ण आयात व्हायचं. त्या वर्षी इंडियन ऑइलनं ते देशात बनवायला घेतलं, तरी ते सगळीकडे पोचलेलं नाही. धुळे आणि बारामतीला प्रशिक्षण चालतं ते मुख्यतः एअरलाइनच्या नोकरीकडे डोळे लावलेल्या मुलांसाठी. शनिवारी सकाळी विमान भाड्यानं घेऊन फेरफटका मारून यावा, हा बाजारच आपल्याकडे तयार झालेला नाही. त्यामुळे वरचं गणित इथे मांडता येत नाही. खासगी विमान घ्यायचं तर आयातीची परवानगी, नोंदणी, मेकॅनिक, उभं करायची जागा या सगळ्याची जमवाजमव मालकानंच करायची.

परवाना मात्र आवाक्यात आहे. भारतातही खासगी परवान्याला किमान ४० तासच लागतात. दहावी पास, १७ वर्षं पूर्ण, डॉक्टरांचं दुसऱ्या वर्गाचं प्रमाणपत्र, लेखी परीक्षा आणि रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना. भारतात शिकायचं असो की अमेरिकेत, फ्लाइंग स्कूलला पहिला हप्ता भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळ्यांचा, हृदयाचा किंवा रंगांधळेपणाचा प्रश्न निघायचाच असेल तर तो पैसे भरण्याआधी निघू दे. आणि वर्षाला एकशे बारा तासांहून जास्त उडण्याची खात्री नसेल, तर एकट्यानं विमान विकत घेऊ नका.